विषाणूचा माग काढणारा मास्तर : मार्टिनस बायेरिंक



२०२३ सालचा खरीप आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. नांदेड-लातूर भागात हिरवेगार उभे असलेले सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळीच पिवळे पडू लागले. आधी शेंड्याकडील कोवळी पाने चट्ट्यापट्ट्यांची झाली, मग सारे रान. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की हा पिवळा मोझॅक आहे, विषाणूजन्य रोग आहे, पांढरी माशी तो पसरवते, आणि एकदा झाडात शिरल्यावर त्यावर औषध नाही. त्या वेळी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. हा विषाणू डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही; मग तो आहे हे पहिल्यांदा कळले तरी कोणाला आणि कसे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एका शाळामास्तराचे चरित्र आहे. मार्टिनस विल्यम बायेरिंक हे त्यांचे नाव. देश हॉलंड. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आले तर एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. ती ओळ आज थोडी उलगडून पाहू.

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲम्स्टरडॅम शहरी झाला. चार भावंडांत ते धाकटे. वडील डर्क बायेरिंक यांचा तंबाखूचा व्यापार होता. मुलगा अगदी लहान असतानाच हा व्यापार बुडाला. कुटुंब नार्डन या गावी गेले आणि कालपर्यंतचा व्यापारी रेल्वे कंपनीत कारकून झाला. (तंबाखूने बापाचे घर बसवले आणि पुढे त्याच तंबाखूने मुलाचे नाव जगभर केले, हा योगायोग पाहून गंमत वाटते.) शाळेची ऐपत बेताची असल्याने बारा वर्षांचा होईपर्यंत वडिलांनीच मुलाला घरी शिकवले. दिवसभर कारकुनी करून आलेला माणूस रात्री मुलाला घेऊन बसतो, हे दृश्य आपल्या वस्तीत अनोळखी नाही.

पुढे हार्लेम येथे शाळेत गेल्यावर मुलगा पहिल्यांदा मागे पडला. पण वनस्पतीशास्त्राचे चांगले शिक्षक लाभले आणि रानोमाळ हिंडून झाडे-झुडपे गोळा करण्याचा नाद लागला. वनस्पती गोळा करण्याच्या एका स्पर्धेत त्याने बक्षीसही मिळवले. मात्र त्याची शाळा लॅटिन-ग्रीक शिकवणारी नव्हती, आणि त्या काळच्या हॉलंडमध्ये त्या भाषांवाचून विद्यापीठाचे दार सरळ उघडत नसे. वनस्पतीशास्त्र शिकण्याची इच्छा असलेला हा मुलगा नाइलाजाने डेल्फ्टच्या तंत्रशाळेत रसायनाच्या अभ्यासक्रमाला गेला. खर्चाचा भार नातेवाइकांनी उचलला. हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून घरात चूल न पेटल्यासारखे वातावरण करणाऱ्या पालकांनी येथे क्षणभर थांबावे. डेल्फ्टला बायेरिंक यांच्या बिऱ्हाडात सोबतीला होते व्हान्ट हॉफ, ज्यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. दोघे राहत्या खोलीतच रसायनांचे प्रयोग करीत. घरमालकिणीला काय वाटत असेल ते सोडून द्या. पण तेथे अंगवळणी पडलेले रसायन पुढे आयुष्यभर कामी आले.

१८७२ साली डेल्फ्टची पदवी घेऊन बायेरिंक लायडन विद्यापीठात गेले. परंतु पोटासाठी नोकरी हवी होती. वारफुम नावाच्या लहानशा गावातील शेतकी शाळेत ते शिक्षक झाले, नंतर उट्रेख्टला, आणि १८७६ पासून वाखेनिंगन येथील शेतकी विद्यालयात. नोकरी सांभाळून १८७७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता झाडांवर येणाऱ्या गाठी. एखादा किडा पानात अंडे घालतो आणि तेथे पान आपली नेहमीची वाढ सोडून गाठ तयार करते. बाहेरून आलेली एवढीशी वस्तू झाडाच्या वाढीला आपल्या कामाला कशी लावते, हा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता.

वाखेनिंगनला त्यांचे एक सहकारी होते आडोल्फ मायर. आसपासच्या शेतकऱ्यांच्या तंबाखूवर एक रोग येत असे. पानांवर फिकट व गर्द हिरव्या रंगाचे तुकडे दिसत, पान आखडे, माल हलका होई. मायर यांनी १८७९ पासून या रोगाचा अभ्यास केला आणि १८८६ साली तो प्रसिद्ध केला. रंगीत तुकड्यांच्या फरशीसारखे पान दिसते म्हणून त्यांनी रोगाला मोझॅक हे नाव दिले. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला शब्द तेथून निघाला. (रोगांचे विषाणू मात्र वेगळे. सोयाबीनचा पिवळा मोझॅक आणि तंबाखूचा मोझॅक एकाच जातीच्या विषाणूने होत नाहीत.) मायर यांनी रोगट पानाचा रस निरोगी झाडात टोचून दाखवले की रोग लागतो. कारण एखादा जिवाणू असावा असे त्यांचे मत झाले.

बायेरिंक यांनीही त्या पानांत जिवाणू शोधले. सापडले नाहीत. आता येथे दोन मार्ग होते. जिवाणू नाहीतच असे छातीठोकपणे सांगून मोकळे व्हावे, किंवा आपल्यालाच जिवाणू शोधण्याची विद्या पुरती येत नाही हे मान्य करावे. बायेरिंक यांनी दुसरा मार्ग धरला. जिवाणूशास्त्र त्या काळी नवे होते आणि त्यात आपण कच्चे आहोत हे त्यांना ठाऊक होते. प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, टाकून दिला नाही. तब्बल दहा-बारा वर्षे तो तसाच राहिला.

या काळात त्यांनी काय केले? १८८५ साली ते डेल्फ्ट येथील यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात जिवाणूतज्ज्ञ म्हणून गेले. कारखान्याच्या नफ्यातोट्यात त्यांचे मन फारसे रमले नाही, पण प्रयोगशाळा मिळाली आणि हात तयार झाला. १८८८ साली त्यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून जिवाणू वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. हाच तो रायझोबियम. लातूरकडे तूर-सोयाबीन पेरताना गुळाच्या पाण्यात पाकीट कालवून बियाण्याला चोळतात, त्या पाकिटाची सुरुवात या कामात आहे. ज्वारी-कपाशीला लावतात ते ॲझोटोबॅक्टर. त्याचा शोध आणि ते नावही बायेरिंक यांचेच, साल १९०१. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या घराण्याला लॅक्टोबॅसिलस हे नावसुद्धा त्यांनीच दिले. म्हणजे ज्या माणसाचे नाव आपण ऐकलेले नाही, त्याने नावे ठेवलेल्या वस्तू आपल्या शेतात आणि स्वयंपाकघरात रोज वापरात आहेत.

१८९५ साली डेल्फ्टच्या तंत्रशाळेत ते प्राध्यापक झाले. नवी प्रयोगशाळा झाली, जवळ रोपे वाढवण्यास काचेचे घर मिळाले, आणि जुना प्रश्न बाहेर निघाला. या वेळी त्यांच्या हाती विद्या होती.

प्रयोग पहा, कारण त्यात भपका काही नाही. आपल्या हायस्कूलच्या मुलाला समजेल असा विचार आहे. रोगट तंबाखूची पाने चेचून त्यांनी रस काढला आणि चिनी मातीच्या कांडीतून गाळला. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये पांढरी कँडल असते, तिचाच हा भाऊ. तिच्या छिद्रांतून जिवाणू जात नाही. गाळलेला रस स्वच्छ होता, त्यात जिवाणू वाढेना. तरी तो टोचला की झाड आजारी पडे. म्हणजे जिवाणू नव्हे.

मग विष असेल काय? येथे त्यांची बुद्धी दिसते. समजा, रांजणभर पाण्यात चमचाभर विष टाकले, त्यातले चमचाभर दुसऱ्या रांजणात, त्यातले तिसऱ्यात. चार-पाच रांजणांत विष इतके पातळ होईल की कोणाला बाधणार नाही. परंतु पहिल्या झाडाचा थेंबभर रस दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असे करत गेले तरी रोगाचा जोर तेवढाच राहिला. थेंबभर रसाने अनेक पाने रोगट झाली आणि त्या पानांच्या रसाने आणखी कितीही झाडे. विष पातळ होते, हे वाढत होते. आणि जे वाढते त्याला निर्जीव कसे म्हणावे?

त्यानंतर त्यांनी तो रस अगारच्या थरावर ठेवला. रमजानमध्ये आपल्या घरी चायना ग्रास घालून गोड पदार्थ जमवतात, ते चायना ग्रास म्हणजेच अगार. काही दिवसांनी वरचा थर खरवडून टाकून आतला भाग तपासला, तर रोगाचा अंश आत झिरपलेला आढळला. त्यावरून त्यांनी ठरवले की हे कण नव्हेत, द्रव आहे. १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी त्याला संसर्गजन्य जिवंत द्रव अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, आणि व्हायरस हा जुना लॅटिन शब्दही वापरला. त्याचा मूळ अर्थ विष.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. रोगट रस टोचल्यावर जी पाने आधीच पूर्ण वाढलेली होती त्यांना काही झाले नाही. रोग दिसला तो नंतर फुटलेल्या कोवळ्या पानांत, शेंड्याकडे. काचेच्या नळीतील पोषक रसात हे कधी वाढले नाही. वाढले ते फक्त जिवंत झाडात. तेव्हा त्यांनी अनुमान काढले की जेथे पेशी फुटून नव्या पेशी होत आहेत तेथेच याची वाढ होते, पेशीच्या स्वतःच्या जीवनव्यवहारात शिरून ते आपली संख्या वाढवते, आणि झाडाच्या अन्नरसाबरोबर वर-खाली जाते. सूक्ष्मदर्शकात काहीही दिसत नसताना केवळ पानांकडे पाहून आणि हिशेब मांडून एका माणसाने हे लिहिले.

सगळे बरोबर निघाले असे समजू नका. जिवंत द्रव ही कल्पना चुकली. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी हा विषाणू स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला, आणि १९३९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच्या बारीक काड्या दाखवल्या. एक काडी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड. ते कण इतके लहान की अगारमध्ये झिरपत होते. विषाणू जून पेशींतही वाढू शकतो, हेही पुढे कळले. परंतु पेशीवाचून त्याला वाढता येत नाही, हा मुख्य मुद्दा टिकला. २०२० साली करोनाने सारे जग घरात बसवले तेव्हा हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत दूरदर्शनवर रोज ऐकू येत होते.

शोधाच्या मानाबद्दलही सांगितले पाहिजे. रशियाच्या दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ सालीच रोगट रस चिनी मातीच्या कांडीतून गाळून पाहिला होता. बायेरिंक यांना त्याची माहिती नव्हती. लक्षात आणून दिल्यावर त्यांनी इव्हानोव्स्की यांचा पहिलेपणा छापून मान्य केला. मात्र इव्हानोव्स्की जिवाणूच्या किंवा जिवाणूच्या विषाच्या कल्पनेपाशी थांबले होते. त्याच १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा अंशही असाच गाळणीतून पार होतो हे दाखवले.

जाता जाता एक गोष्ट आपल्या मुलांना सांगावीशी वाटते. दिसत नसलेल्या संसर्गावर निरीक्षणाच्या बळावर विश्वास ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाचे हकीम इब्न अल-खतीब यांनी प्लेग हा संसर्गाने पसरतो, रोग्याच्या सहवासाने आणि त्याच्या वस्तूंनी लागतो, असे प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे लिहिले होते. भोवतालचे बरेच विद्वान उलट मताचे असताना त्यांनी ते लिहिले. बायेरिंक यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण दोघांची नजर एका जातीची होती.

आता माणूस म्हणून बायेरिंक कसे होते? कौतुकाच्या लेखात ही बाजू गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे, मी ती गाळणार नाही. स्वभाव तापट, जीभ तिखट. विद्यार्थी त्यांना भीत. चुकलेल्या मुलाला सर्वांदेखत लागेल असे बोलत. मनाला उदासीनतेचे झटकेही येत. त्यांनी लग्न केले नाही, आणि संशोधकाने करूही नये असे त्यांचे मत असे. दोन बहिणी त्यांच्याबरोबर राहत. त्यांतील हेन्रिएटा हिचा हात चित्रकलेत चांगला होता. भावाच्या व्याख्यानांसाठी भिंतीवर लावायचे मोठमोठे रंगीत तक्ते तिने काढून दिले. त्या तक्त्यांवरून शिकलेली मुले पुढे मोठी झाली, पण इतिहासात नाव आले ते भावाचे. घरोघरच्या बहिणींची ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

मी स्वतः वर्गावर उभा राहणारा माणूस आहे, म्हणून एवढे म्हणतो की त्यांच्या मोठेपणात या तिखट जिभेचा काही वाटा नव्हता. किती मुले तिला भिऊन त्या दारातून परत गेली असतील त्याची नोंद कुठे राहत नाही. त्यांच्या जागेवर पुढे आलेले क्लायव्हर हे मनमिळाऊ होते आणि डेल्फ्टची ती प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली आणखी बहरली.

सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे १९२१ साली बायेरिंक यांना निवृत्त व्हावे लागले. ते मनाविरुद्ध गेले. बहिणींसह ते गोरसल नावाच्या खेड्यात राहावयास गेले आणि शेवटची वर्षे लहानपणीच्या छंदात, झाडे न्याहाळण्यात घालवली. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. आपण ज्याचे वर्णन केले ते त्यांनी कधीही डोळ्यांनी पाहिले नाही. स्टॅन्लींचे स्फटिक चार वर्षांनी आणि सूक्ष्मदर्शकातील काड्या आठ वर्षांनी यावयाच्या होत्या.

त्यांच्या शेंड्याच्या गोष्टीला मात्र पुढे एक विलक्षण वळण मिळाले. रोग कोवळ्या शेंड्याकडे दिसतो हे खरे. पण शेंड्याचे अगदी टोक, पाव-अर्धा मिलिमीटरचा तो घुमट, पुष्कळदा विषाणूपासून मोकळा असतो. फ्रान्समध्ये लिमासे आणि कॉर्न्युए यांनी १९४९ साली तंबाखूच्याच झाडात पाहिले की टोकाकडे जावे तसा विषाणू विरळ होत जातो. अन्नरसाच्या नळ्या त्या टोकापर्यंत अजून पोचलेल्या नसतात, हे त्याचे एक कारण. विषाणू अन्नरसाबरोबर जातो हे तर बायेरिंक यांनी आधीच सांगितले होते. १९५२ साली मोरेल आणि मार्टिन यांनी रोगट डेलियाचे ते टोक सुईसारख्या पात्याने कापून काचेच्या नळीत वाढवले आणि आजारी झाडापासून निरोगी झाड मिळवले. बटाट्याचे निरोगी बेणे पुढे याच रीतीने तयार झाले.

नांदेडच्या मुलांना हे समजावून सांगताना मला अर्धापूरपर्यंतच जावे लागते. तेथील केळीवाल्यांना विचारा. पूर्वी मातीतून मुनवे काढून लावत. बागेत रोग असेल तर तो मुनव्यांबरोबर नव्या बागेत जाई. आता पुष्कळजण टिश्यू कल्चरची ग्रँड नैन रोपे लावतात. ती रोपे केळीच्या कंदातील शेंड्याच्या भागापासून प्रयोगशाळेत वाढवलेली असतात. पण टिश्यू कल्चर म्हणजे विषाणूमुक्त, असे धरून चालू नका. घेतलेला तुकडा मोठा असेल तर विषाणू त्यात येऊ शकतो, म्हणून मातृझाडाची आणि रोपांची विषाणूसाठी तपासणी व्हावी लागते. २००६ पासून केंद्र सरकारची अशा रोपांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था आहे. रोपे घेताना ते मागण्यास संकोच नको. आणि रोप स्वच्छ असले तरी बागेत काकडी-भोपळ्याचे वेल आणि त्यांवर मावा असेल तर कुकुंबर मोझॅक नव्याने येतो. मग पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडणे, आणि झाड उपटून नष्ट करणे एवढेच उरते.

त्या टोकात विषाणू का शिरत नाही याचे दुसरे कारण २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. मोहरीच्या कुळातील एका लहान रोपावर काम करताना त्यांना आढळले की टोकाच्या मूळपेशींत वुशेल नावाचे एक प्रथिन असते आणि ते विषाणूला आपली प्रथिने तयार करू देत नाही. प्रयोगासाठी त्यांनी घेतलेला विषाणू होता कुकुंबर मोझॅक, अर्धापूरच्या केळीवर येतो तोच.